मदत हवी आहे: कोलोनचं गेम्सकॉम, सोबत १५ वर्षांचा मुलगा

मंडळी, ऑगस्टअखेरीस जर्मनीत कोलोनला गेम्सकॉमला, म्हणजे व्हिडिओ गेमच्या मोठ्या प्रदर्शनाला, जायचं आहे. तिकीट ऑनलाइनच मिळतं आणि शनिवारचं आधी संपतं, म्हणून गुरुवार किंवा शुक्रवारचंच बघतोय. व्हिसाचा अर्ज ६ महिने आधीपासून करता येतो, ३०,००० युरोंचा विमाही लागतो. ते मार्गी लागेल.

खरी अडचण वयाच्या पट्ट्यांची. वयाचा पुरावा दाखवला की मनगटावर १२, १६ किंवा १८ ची पट्टी बांधतात. १८ वरच्या गेमचे स्टॉल तर चारी बाजूंनी बंद असतात, बाहेरून स्क्रीनसुद्धा दिसू नये म्हणून. म्हणजे मुलाला १२ ची पट्टी, नि मोठ्या नावांच्या गेमच्या रांगेत उभं राहून उपयोग नाही. त्याच्यासाठी कुठल्या हॉलपासून सुरुवात करावी? हॉल १०.२ मधले इंडी (छोट्या, स्वतंत्र निर्मात्यांचे) गेम आणि जुने कन्सोल ऐकून आहे, पण तिथे दुपारनंतर खेळायला जागा मिळते का?

दुसरं, मोठ्या गेमचा डेमो खेळून बघायची रांग दोन-तीन तास चालते आणि दिवस संपायच्या बऱ्याच आधी बंदही करतात. मग दार उघडताच एकाने थेट तिथे पळायचं, की डॉइट्झ स्टेशनकडच्या दक्षिण दाराची गर्दी टाळून दुसऱ्या दाराने शिरायचं?

आणि मूळ पासपोर्ट गर्दीत दिवसभर बाळगायचा जीवावर येतं. पट्टीवाल्यांना रंगीत झेरॉक्स चालते का? अलीकडे जाऊन आलेल्यांनीच सांगा, अंदाज नकोत.