मदत हवी आहे : मोंबासा बंदर आणि गोव्याचे दुवे

सर्वांना नमस्कार. केनियातील मोंबासा बंदरावर मी एक दीर्घ लेख लिहीत असून त्यातील दोन मुद्द्यांवर जाणकारांचे साहाय्य हवे आहे.

मोंबासा हे बेट आहे. त्याच्या पूर्वेच्या खाडीत, पोर्तुगीजांनी १५९३ मध्ये बांधायला घेतलेल्या फोर्ट जीझसच्या शेजारी, शिडाच्या गलबतांचे जुने बंदर आहे. पश्चिमेला किलिंदिनी, म्हणजे स्वाहिलीत ‘खोल पाण्याची जागा’. १८९६ मध्ये येथूनच युगांडा रेल्वेचे काम सुरू झाले आणि मोठ्या आगबोटींना खोल पाणी हवे असल्याने व्यापार हळूहळू पश्चिमेकडे सरकला. आज युगांडा, रवांडा आणि दक्षिण सुदानचे कंटेनरही येथेच उतरतात. (माझे मन मात्र जुन्या बंदरातच रमते.)

पहिला प्रश्न : १६९६ ते १६९८ या काळात ओमानी वेढ्यात अडकलेल्या किल्ल्याला गोव्याहून कुमक पाठवली गेली, तिचे तपशील पणजीच्या पुराभिलेखागारातील कोणत्या दप्तरांत मिळतील? दुसरा : कोणाचे आजोबा-पणजोबा किलिंदिनीच्या गोदीत किंवा जकात कचेरीत कारकून होते का? हमालीचे दर, भरती-ओहोटीप्रमाणे बदलणाऱ्या कामाच्या वेळा, असे ऐकीव तपशीलही चालतील.