अनुभव धागा: ऑफिसात कॉम्प्युटर अडला तर स्पॅनिशमध्ये मदत कशी मागायची?

सुरुवातीच्या स्पॅनिश पुस्तकांत फळं, रंग, नातेवाईक सगळं असतं. लॅपटॉप बंद पडला तर आयटीवाल्याला काय सांगायचं, ते मात्र नसतं. स्पॅनिश बोलणाऱ्या ऑफिसांत काम करणाऱ्यांनी नेमकं काय उपयोगी पडतं ते इथे लिहावं. देश जरूर सांगा, शब्द बदलतात.

माद्रिद
व्याकरण नंतर, आधी चार वाक्यं याच क्रमाने पाठ करा. 'मे पुएदे आयुदार?' (मला मदत कराल का?), 'नो फुन्थिओना एल तेक्लादो' (कीबोर्ड चालत नाही), 'मे साले उन एर्रोर' (एरर येतोय), 'या लो ए रेइनिथिआदो' (रीस्टार्ट करून झालंय). चौथं वाक्य गाळलं तर पहिली सूचना रीस्टार्टचीच मिळते. ओळख झाली की 'पुएदे'चं 'पुएदेस' होतं. इथे अहो-जाहो लवकर सुटतं.

मेक्सिको सिटी
स्पेनमधला 'ओर्देनादोर' इथे 'कोंपुतादोरा', कोलंबिया-चिलीत 'कोंपुतादोर'. माउसला स्पेनमध्ये 'रातोन', इकडे 'माउस'च. मशीन हँग झालं तर 'से त्राबो'. 'कार्पेता' म्हणजे फोल्डर, कार्पेट नव्हे.

बार्सेलोना
खरी गडबड स्पेलिंग सांगताना होते. आपण इंग्रजी सवयीने ई म्हटलं की समोरचा आय टाइप करतो, आणि ए म्हटलं की ई. म्हणून आपलं नाव आणि युजर आयडी स्पॅनिश अक्षरनावांत घोकून ठेवा. जोशी आडनाव असेल तर: होता, ओ, एसे, आचे, ई. बी आणि व्हीचा उच्चार एकच, त्यामुळे व्हीला स्पेनमध्ये 'ऊबे' म्हणतात, मेक्सिकोत 'बे चिका'. अ‍ॅट म्हणजे 'आर्रोबा', अंडरस्कोअर 'गिओन बाहो', कॅपिटल 'मायूस्कुला'.

पासवर्ड बरोबर असून चालत नसेल तर कीबोर्डची मांडणी बघा. अ‍ॅटचं चिन्ह स्पेनच्या कीबोर्डवर ऑल्ट-जीआर (स्पेसबारच्या उजवीकडची कळ) आणि २ दाबून येतं, लॅटिन अमेरिकेच्या कीबोर्डवर ऑल्ट-जीआर आणि क्यू. शंका आली की पासवर्डमधली चिन्हं युजरनेमच्या रकान्यात टाइप करून बघा (तिथे दिसतात) आणि लगेच पुसा.

बोगोता, कोलंबिया
मराठी माणसाला एक मोठी सोय आहे, ती वापरा: अशा वाक्यांची ठेवण 'मला'ने होणाऱ्या मराठी वाक्यांसारखीच असते. 'से मे ओल्बिदो ला कोन्त्रासेन्या' म्हणजे 'मला पासवर्डचा विसर पडला'. 'नो मे आपारेसे ला इंप्रेसोरा' म्हणजे 'मला प्रिंटर दिसत नाही'. इंग्रजीतून भाषांतर करत बसलात तर हीच वाक्यं अवघड वाटतील. उच्चारही तेक्लादो, टेक्लाडो नाही. आपला त आणि द अगदी चपखल बसतो.

पुणे, मेक्सिकोच्या टीमबरोबर
फोनवर साठ 'सेसेंता' आणि सत्तर 'सेतेंता' हमखास एकसारखे ऐकू येतात. तिकीट नंबर (आयटीकडे नोंदवलेल्या तक्रारीचा क्रमांक) 'दीहितो पोर दीहितो', म्हणजे एकेक आकडा, असाच मागा. तरी कळलं नाही तर 'मे लो पुएदे एस्क्रिबीर?' म्हणून चॅटवर लिहून घ्या.

'आओरिता' (आत्ताच) म्हटलं म्हणजे लगेच होईल असं धरू नका, 'आ के ओरा?' (किती वाजता?) विचारा. मेक्सिको सिटी आपल्या साडेअकरा तास मागे आहे: तिकडचे संध्याकाळचे पाच म्हणजे पुण्यात पहाटेचे साडेचार.