ड्रमच्या शेलवर स्वस्तातला रॅप: उरलेलं लॅमिनेट चालेल का?

तिहाई:
माझ्याकडे जुना ड्रमसेट आहे. टॉम 12 आणि 13 इंची, फ्लोअर टॉम 16, बेस 22. स्नेअर धातूचा आहे, त्याला हात लावायचा नाही. बाकी चौघांच्या शेलवरचा (लाकडी नळकांड्यावरचा) लाल रॅप, म्हणजे बाहेरून चिकटवलेला शोभेचा थर, जोडापाशी सुटत चाललाय. फ्लोअर टॉमवर तळहाताएवढा फुगवटा आहे, बोटाने दाबला की टक्कन आत जातो आणि लगेच वर येतो. बेसचा पेडल मारला की तो फुगा थरथरताना ऐकू येतो.

ड्रमसाठीचा खास रॅप चौघांना घ्यायचा तर जवळजवळ सेटच्याच किमतीत पडतोय. घरी कपाटाच्या कामातून उरलेला लॅमिनेटचा मोठा तुकडा आहे. तो चिकटवला तर? हा सेट बाबांनी घेऊन दिलेला, त्यामुळे विकण्याचा प्रश्नच नाही.

सुतारपक्षी:
लॅमिनेट नको. मी स्वतः त्यात फसलोय, म्हणून कळकळीने सांगतोय.

12 इंची टॉमवर 1 मिलिमीटरचं लॅमिनेट वळवायला घेतलं. अर्ध्यापर्यंत गुमान वळलं आणि शेवटच्या वितीला उभी चीर गेली. दुसरा तुकडा गरम करत करत कसाबसा बसवला, तर हेडच (वाजवायचा ताणलेला पडदा) बसेना. हेडची कडी शेलच्या बाहेरून अगदी थोड्या फटीने खाली उतरते. 1 मिलिमीटरचा थर लावला की व्यास 2 मिलिमीटरने वाढतो, आणि जोडावर दोन थर आले की तिथे आणखी. हेड एका बाजूला अडकून राहायचं. किल्ली कितीही फिरवा, टॉम सुरात लागेना. शेवटी सगळं खरवडून काढलं.

म्हणून रंग नंतर निवडा, आधी जाडी बघा. अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून कमी. जुना रॅप काढायच्या आधी हेड किती सैल बसतं तेही पाहून ठेवा. फोमचं अस्तर असलेलं रेक्झिन याच कारणाने बाद.

मग मी सुती कापड लावलं, आणि तेच तुम्हालाही सुचवेन. कापड आधी धुऊन इस्त्री करा, म्हणजे नंतर आटणार नाही. शेलवरचा जुना गोंद काढा, खड्ड्यांत लांबी (पुट्टी) भरा, 120 आणि मग 220 नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. सुताराचा पांढरा गोंद थोडं पाणी घालून ब्रशने पातळ लावा आणि कापड मधून बाहेर तळहाताने दाबत न्या. फिक्या रंगाचं कापड असेल तर शेलला आधी पांढरा रंग द्या. माझं कापड पांढऱ्यावर निळी फुलं असं होतं. गोंदाने भिजलं तसं ते पारदर्शक झालं आणि खालचं तपकिरी लाकूड फुलांतून डोकावू लागलं. वाळल्यावरही तसंच राहिलं! गडद कापडाचा तुकडा गोंदात बुडवून रंग सुटतो का तेही बघा.

जोडाला दोन्ही टोकं एकावर एक ठेवून पट्टी लावा आणि कटरने दोन्ही थर एकदम कापा, टोकाला टोक बिनचूक भिडतं. वाळलं की पाण्यात विरघळणारं पारदर्शक पॉलियुरेथेन, तीन हात. प्रत्येक हातानंतर हलकं घासायचं.

मापासाठी व्यास गुणिले 3.14. तुमच्या शेलना 37.7, 40.8, 50.2 आणि 69.1 इंच येतं, त्यावर प्रत्येकी एक इंच जास्त घ्या, पण कागदाची पट्टी गुंडाळून खात्री करा. आणि ज्या धारेवर हेड टेकतं तिथे कापड चढू देऊ नका, गोंदाचा थेंबही नको. आवाज त्या धारेवर अवलंबून असतो.

मधली ओळ:
कापडाला वेळ फार जातो. मी गाड्यांना लावतात ती व्हिनाइल फिल्म लावली, दोन संध्याकाळींत चारही ड्रम झाले. पण ती इतकी पातळ असते की खाली राहिलेला वाळूचा एक कणही पुळीसारखा दिसतो. घासण्यात कंटाळा केलात तर फिल्म लपवत नाही. जोडावर अर्धा इंच तरी एकावर एक घ्या, ती कालांतराने थोडी आकसते आणि मधे चिकट रेघ उघडी पडते. जोड टॉमवर वाजवणाऱ्याच्या बाजूला ठेवा आणि बेसवर खाली.

लगची (हेड ताणणारे स्क्रू ज्यात बसतात त्या धातूच्या तुकड्यांची) भोकं बाहेरून शोधत बसू नका, आतून टोकदार कटरने पाडा. हवेचं भोकही विसरू नका.

कापूरवडी:
एक काळजीची गोष्ट. सेट किती जुना आहे? पूर्वीचे बरेच मोतिया रॅप सेल्युलॉइडचे असत आणि ते पटकन पेट घेतं. रॅपची सुटलेली कड बोटाने जोरात घासून वास घ्या. कापरासारखा वास आला तर हीट गन अजिबात लावू नका. जोडापासून बोथट पट्टीने हळूहळू सोडवा, घाई केली तर लाकडाचा वरचा पापुद्रा सोबत निघतो.

तिहाई:
सगळ्यांचे मनापासून आभार. कड घासून पाहिली, कापराचा वास नाही, साधं प्लास्टिक वाटतंय. लॅमिनेटची जाडी मोजली, 1 मिलिमीटर भरली, ते परत माळ्यावर टाकलं.

सुतारपक्षी, एक विचारायचं होतं. आईची एक जुनी सुती साडी आहे, बारीक चौकडीची. ती लावायचं मनात आहे. चौकडी शेलवर तिरकी जाऊ नये म्हणून काय करू?

सुतारपक्षी:
शेल सपाट टेबलावर उभा ठेवा. पेन्सिल एका ठोकळ्यावर टेकवा आणि शेल गोल फिरवत मधोमध रेघ मारा. चौकडीची एक ओळ त्या रेघेवर धरून सुरुवात करा आणि ओलं कापड तिरकं ओढू नका, ते लगेच ताणतं. पहिल्यांदा 12 चा टॉम घ्या, 22 चा बेस सर्वांत शेवटी. साडीची लांबी भरपूर असते, पण काठ कुठे येणार ते कापण्याआधी चारही शेलवर गुंडाळून बघा.