कणखरपणा उपजतच असतो?
कणखरपणा उपजतच असतो, असं कुणी म्हटलं तर ते मला पटत नाही. मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर यांनी हवाईतल्या काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा कित्येक दशकं मागोवा घेतला. गरिबी, घरातली भांडणं, आईवडिलांची आजारपणं अशा खडतर परिस्थितीत वाढलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं तरीही सक्षम, मायाळू माणसं झाली. स्वभावाचा वाटा होताच, पण त्यांना एखादा तरी भक्कम आधार लाभला होता : आजी, मावशी, शिक्षक, कुणीतरी. म्हणून खचलेल्याला नुसतं 'खंबीर हो' म्हणू नका, फार लागतं ते मनाला. माझ्या पडत्या काळात एक मैत्रीण रोज संध्याकाळी फोन करायची आणि बहुतेक वेळा फक्त ऐकायची. त्या फोनच्या जोरावर मी ते वर्ष काढलं.