मुलांनी बनवलेलं बर्ड फीडर: पक्ष्यांसाठी की फोटोसाठी?

सुतळी: सुट्टी लागली की मुलांकडून बर्ड फीडर, म्हणजे पक्ष्यांसाठी दाणे ठेवायचं टांगतं भांडं, करून घ्यायचं, हे आता ठरूनच गेलंय. ज्यूसचा रिकामा खोका, त्याला कापून खिडकी, वर रंग, चमकी, गोंदाने चिकटवलेले डोळे. दाणे भरले, फोटो काढला, संपलं. आठ दिवसांत आमचा खोका भिजून एका बाजूला कलंडला होता आणि आत दाण्यांचा हिरवट गोळा झाला होता. शिवाय ती चमकी कुणाच्या पोटात गेली कोण जाणे. म्हणून माझं सरळ मत: बनवायच्या भानगडीत पडू नका, विकत आणा. कुठलं आणायचं ते मात्र मुलांनाच ठरवू द्या, एका कसोटीवर: तळ उघडून हात आत जातो का? जात नसेल तर ते कधीच धुतलं जाणार नाही. कौलारू बंगल्यासारखी फीडरं दिसतात गोड, पण कोपऱ्यातला ओला भुगा उकरायला काडी घेऊन बसावं लागतं.

खटपट्या: साफ असहमत. विकत आणलं की मूल फक्त गिऱ्हाईक होतं. माझ्या सात वर्षांच्या लेकीने बाटलीचं केलं. एक लिटरची बाटली, आरपार दोन लाकडी चमचे, एक वर, एक खाली. पहिल्या बाटलीतून दाणाच बाहेर येईना, कारण भोक चमच्याच्या दांड्याएवढंच होतं. दुसरीत तिने भोक ऐसपैस केलं, तर उलटी करून टांगताच सगळी बाजरी जमिनीवर आणि मुंग्यांची चंगळ. तिसरीत चमचा खोलगट टोकाकडे किंचित तिरका बसवला, तेव्हा जमलं. पाणी साचू नये म्हणून तळाला बारीक भोकं पाडली (तापलेली सुई माझ्या हातात, तिच्या नाही). या दोन फसलेल्या बाटल्या विकत मिळतात का कुठे?

सुतळी: आणि ती बाटली धुतं कोण? मान अर्ध्या मुठीएवढीही नाही.

खटपट्या: धुवायचीच नाही. दोन आठवड्यांनी बाटली बाद, चमचे खरवडून, धुऊन, वाळवून नव्या बाटलीत.

झाडाखाली: दोघांचंही चुकतंय. फीडरच नको. एरवी विखरून चरणारे पक्षी तुम्ही रोज एका थाळीवर आणता. ब्रिटनमध्ये २००५पासून ग्रीनफिंच या चिमणीएवढ्या पक्ष्यांमध्ये ट्रायकोमोनोसिस हा घशाचा रोग पसरला आणि त्यांची संख्या धाडकन खाली आली. या रोगात घसा सुजतो, गिळता येत नाही, चोचीतला लाळेने ओला दाणा परत थाळीत पडतो आणि पुढचा पक्षी नेमका तोच उचलतो. अमेरिकेत १९९४पासून हाउस फिंच या छोट्या पक्ष्यांमध्ये डोळ्यांची साथ आली, तीही फीडरवरून पसरते. आणि दाणे खाणारे बहुतेक पक्षीसुद्धा पिल्लांना किडे-अळ्याच भरवतात, हे विसरू नका. मुलांकडून एखादं स्थानिक झुडूप लावून घ्या, खाली उथळ पाण्याची थाळी ठेवा आणि फवारणी बंद करा.

दुर्बीण: रोगाचं म्हणणं मान्य. पण झुडपाला फळं धरेपर्यंत ते मूल कुठल्या कुठे गेलेलं असतं हो! पाच वर्षांच्या पोराला आज, आत्ता, दहा फुटांवर पक्षी दिसायला हवा. ब्रिटनमधली ‘बिग गार्डन बर्डवॉच’ ही पक्षीगणना १९७९मध्ये मुलांसाठीच सुरू झाली होती, आज तिथे लाखो माणसं तासभर बसून पक्षी मोजतात. आमच्याकडेही खिडकीवर कागद लावलाय, पोरगा रेघोट्या मारतो. पहिल्या दिवशी सगळ्यांपुढे ‘चिमणी’. महिन्याभराने मलाच सांगतो, ही काळ्या गळ्याची म्हणजे नर.

बाकी बनवलेलं की विकतचं यावर इतकं भांडण, आणि टांगायचं कुठे यावर एक अक्षर नाही? काचेपासून एक मीटरच्या आत, नाहीतर दहा मीटरच्या पलीकडे. मधल्या अंतरावरून दचकून उडालेला पक्षी पूर्ण वेगाने काचेवर आदळतो. मांजराला दबा धरायला खाली आडोसा नको. पाव, खारे दाणे, बुरसट शेंगदाणे तर नकोच नको.

झाडाखाली: आणि आजारी पक्षी आला तर? पिसं फुलवून बसलेला, जवळ गेलं तरी न उडणारा?

दुर्बीण: त्याच दिवशी फीडर खाली. निदान दोन आठवडे. एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी, मोठ्यांनी हातमोजे घालून. मग खळखळून धुवायचं आणि खडखडीत वाळवायचं. पोरगा रडला होता, खोटं कशाला सांगू. पण काढलं.

झाडाखाली: तुम्ही काढलंत. खोक्याला चमकी लावणारे काढतील? माझा मुद्दा कायम आहे. पाण्याच्या थाळीलाही रोज घासावं लागतं, एवढं मात्र मीच कबूल करतो, नाहीतर आता कुणीतरी म्हणेलच.

सुतळी: चमकीचा टोमणा पोचला. माझी कसोटी मी सोडत नाही, पण धाकट्याने कालच कचऱ्यातून बाटली काढून ठेवलीय. खटपट्या, ते तिसऱ्या बाटलीतलं भोक किती मिलिमीटरचं ठेवलंत?

खटपट्या: मोजलं नाही. करंगळीचं टोक जाईल एवढं. तिची करंगळी, माझी नव्हे.