विमा होता म्हणे, पण...
वर कुणीतरी लिहिलंय की कोविडला सिस्टर लोकांना ५० लाखाचा विमा होता, थाळ्या पण वाजवल्या, अजून काय पाहिजे. विमा मेल्यावर मिळतो की ओ, जिवंतपणी काय?

माझी वहिनी २०२० ला इथंच सोलापुरात लहान मुलांच्या वॉर्डला होती, मे महिन्याचं ऊन (आपलं ऊन माहितीच आहे), एसी बंद, अंगात किट, गॉगलवर वाफ धरलेली आणि डबल ग्लोव्हज घालून दीड किलोच्या बाळाची शीर शोधायची, बोटाला काही लागतच नाही म्हणायची. दोनदा टोचून चुकलं की काचेबाहेर बाळाची आई रडायची अन् आत ही, पण किटमध्ये डोळे पुसता पण येत नाहीत. स्वतःचं पोरगं तीन वर्षांचं, महिनाभर त्याला दारातूनच बघितलं. सलग दोन दिवस सुट्टी मागितली होती फक्त, ती मिळाली दिवाळीनंतर.