फ्रँकलिनच्या मोहिमेवरच्या भयकथेला राक्षस हवाच कशाला?

डोलकाठी : 'अन्नाच्या डब्यातल्या शिशानं वेडी होऊन माणसं मेली, एवढीच ती गोष्ट, राक्षस नसेल तर वाचणार कोण?' हे काल इथं वाचलं आणि राहवेना. जॉन फ्रँकलिनची ब्रिटिश मोहीम आर्क्टिकमधून आशियाकडे जाणारा जलमार्ग शोधायला निघाली होती. १२ सप्टेंबर १८४६ ला तिची दोन जहाजं, 'एरेबस' आणि 'टेरर', बर्फात अडकली ती सुटलीच नाहीत. एप्रिल १८४८ मध्ये १०५ जण जहाजं सोडून पायी निघाले. १८५९ मध्ये त्यांची एक नाव सापडली. नाव आणि तिच्याखालची घसरगाडी मिळून सुमारे ६३५ किलो. आत दोन सांगाडे, रेशमी रुमाल, पुस्तकं, चहा, १८ किलो चॉकलेट. मांस नाही. आणि नावेचं तोंड पुन्हा जहाजांकडे! इथं राक्षस आणलात की वाचक ही नाव विसरतो.

हिमकडा : नुसत्या बर्फावर पाचशे पानं निघत नाहीत, शत्रूला तोंड लागतंच. आणि शिसं असं झटकू नका. वाटेत बीची बेटावर पुरलेल्या खलाशांची प्रेतं १९८४ आणि १९८६ मध्ये उकरली, तेव्हा शिसं भरपूर निघालं. डब्यांचा डाखच शिशाचा होता.

लिंबूरस : पुन्हा तेच शिसं! त्यातल्याच हार्टनेल नावाच्या खलाशाचं नख नंतर तपासलं. शिसं वाढलं होतं ते शेवटच्या काही आठवड्यांत. त्याआधी कमी होतं ते जस्त. स्कर्व्हीबद्दल कुणी बोलतच नाही. तिच्यावर उपाय म्हणून जहाजावर ठेवलेला लिंबाचा रस साठवणीत कमजोर होत जातो. क जीवनसत्त्व संपलं की शरीराला नवं कोलॅजन बनवता येत नाही, आणि वण टिकतो तो कोलॅजनवरच. म्हणून वर्षांपूर्वी भरलेली जखम पुन्हा उघडते. यापेक्षा भयानक काय लिहिणार आहात?

उमियाक : तुमचं शिसं-लिंबू चालू द्या, पण राक्षस दरवेळी इनुइटांच्याच, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्याच माथी का? उपाशी खलाशांनी मेलेल्या सोबत्यांचं मांस खाल्लं, हे इनुइटांनी १८५४ मध्ये आर्क्टिकमध्ये फिरणारे संशोधक जॉन रे यांना सांगितलं. लंडननं त्यांनाच खोटं ठरवलं. पुढे हाडांवर सुरीच्या खुणा सापडल्या; २०२४ मध्ये तर 'एरेबस'च्या कॅप्टन फिट्झजेम्सचा जबडाच ओळखला गेला, त्यावरही त्याच खुणा. आधी त्या लोकांची माफी मागा, मग त्यांच्या नावावर भुतं रचा.

हिमकडा : माफी मी का मागू? मी काही १८५४ मध्ये लंडनला नव्हतो. स्कर्व्हीचं मात्र मानतो, नाइलाजानं. पण वण उघडायचा तर तो पहिल्याच प्रकरणात कुणाच्या तरी अंगावर दिसायला हवा, हे तुम्हीही माना.

लिंबूरस : मानलं. आणि वण शोधावा लागणार नाही. फिट्झजेम्सला १८४२ मध्ये चीनच्या लढाईत गोळी लागली होती.